पन्हाळ्यावरची डबल बेल

"दिगू, चपला घाल. कोल्हापूरला जायचंय."

मल्लिनाथ कोरे फाटकातूनच ओरडला. मी पायरीवर बसून लसूण सोलत होतो. चांगला धिप्पाड गडी मी, भर मंडईतून अंगावर येणाऱ्या ट्रकला जागा न देणारा, आणि शनिवारी सकाळी बायकोचा लसूण सोलत बसलेला. गेले कित्येक आठवडे माझं हेच चाललं होतं. लसूण झाला, मटार झाला, भुईमुगाच्या शेंगा झाल्या. घरात सोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कुणी मेलंय का?" मी विचारलं.

"कोल्हापूरला जायला मरायलाच लागतंय व्हय? माझा साडू हाय तिथं, बसूअण्णा. कवापासनं बोलवतोय. आज गाव बघू, उद्या पन्हाळा बघू, उद्या रात्रीला परत."

"आणि सोमवारी?"

"सोमवारचं सोमवारी."

मी शेवंताकडे, म्हणजे आमच्या मंडळींकडे बघितलं. म्हटलं आता ही नको म्हणेल. तर ती आतून पिशवीच घेऊन आली. धोतर-सदरा, टॉवेल, दाढीचं सामान, सगळं भरून तयार. वर मलाच म्हणाली, "अंबाबाईचं कुंकू आणा, विसरू नका." कट शिजला होता हे तिथंच कळायला हवं होतं मला. पण त्या दिवसांत मला काहीच कळत नव्हतं.

आता सगळं सांगतो. मी सिटी बसवर ड्रायव्हर होतो आणि मल्लिनाथ माझा कंडक्टर. गावाचं नाव कशाला, कुठलंही समजा. दुसरे ड्रायव्हर-कंडक्टर सारखे बदलायचे, आमची जोडी मात्र बदलली नाही. बसमध्ये ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसतं. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचा पाय अजून पायरीवर आहे, ते कंडक्टर बघतो. त्यानं दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. डबल बेल मिळाली की ड्रायव्हरचा पाय आपोआप उचलतो, डोक्याला विचारत नाही. मल्लिनाथच्या बेलवर माझा माझ्या आईपेक्षा जास्त विश्वास होता. आईनं एकदोनदा फसवलं होतं मला, मल्लिनाथनं कधी नाही.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मंडईचा थांबा. लोक चढले, डबल बेल झाली, मी गाडी काढली. डाव्या बाजूनं, जिथं मांजरसुद्धा शिरणार नाही अशा फटीतून एक लुनावाला आत घुसला. रस्त्यावर कोबीची पानं पडली होती. त्यावरून त्याचं चाक घसरलं आणि तो मागच्या चाकाखाली गेला. त्याचं नाव मी इथं घेत नाही. मनात रोज एकदा घेतो.

चौकशी झाली, पोलीस झाले, सगळं झालं. चूक माझी नव्हती असं सगळ्यांनी सांगितलं. अगदी त्याचा थोरला भाऊ येऊन म्हणाला की तुमचा दोष नाही, तो गाडी तशीच चालवायचा. एवढं सगळं झालं, पण माझा पाय ऐकेना. दोनदा ड्यूटीवर गेलो. सीटवर बसलो, इंजिन सुरू केलं, क्लच दाबला आणि पाय असा लटलट कापायला लागला की गुडघा स्टिअरिंगला आपटत होता. दोन्ही वेळेला उतरून घरी आलो. पॅसेंजर बघत राहिले.

डेपोचे साहेब भला माणूस. त्यांनी खूप दिवस सांभाळून घेतलं. शेवटी म्हणाले, "होनमाने, सोमवारी गाडी काढा. नाही जमलं तर शेडमध्ये हेल्पर म्हणून घेतो. मला आणखी थांबता येत नाही हो." हेल्पर म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या धुवायच्या, हवा भरायची, ऑइल पुसायचं. वाईट काम नाही ते. पण ज्याला रस्त्यावर गाडी न्यायचं सुख माहीत आहे, त्यानं आयुष्यभर उभ्या गाड्या धुवायच्या म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. मी मनात ठरवून टाकलं होतं. सोमवारी शेड.

मल्लिनाथही त्या अपघातानंतर बसवर नव्हता. त्यानं गुडघ्यांचं निमित्त सांगून पासाच्या खिडकीवर बदली मागून घेतली होती. उभं राहवत नाही म्हणाला. मला वाटलं, असेल, वय होतंय.

कोल्हापूरच्या गाडीत मला खिडकी मिळाली, आणि माझे हाल सुरू झाले. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसला की त्याला सुख नसतं. पुढं बैलगाडी दिसली की माझा उजवा पाय फळीवर दाबला जायचा. वळण आलं की ढुंगण सरकायचं. मल्लिनाथ ते बघून खुदूखुदू हसत होता.

"फळी फुटंल, ब्रेक कमी दाब."

"गप बस. हा गडी गिअर उशिरा बदलतोय."

"मग सांग की त्याला जाऊन."

मी तोंड फिरवून घेतलं.

गाडीला गर्दी होती. कंडक्टर पार पुढं तिकिटं फाडत अडकला होता. मधल्या एका थांब्यावर म्हातारी उतरली आणि मागून कुणी तरी मल्लिनाथला म्हणालं, "ओ पाव्हणं, दोरी तुमच्या डोक्यावरच हाय, मारा की डबल." मल्लिनाथनं वर दोरीकडं बघितलं, मग शेजारच्या पोराला म्हणाला, "ए, तू मार रे. मी सुट्टीवर हाय." पोरानं आनंदानं दोरी ओढली. मी म्हटलं, बघा, सरकारी माणूस. सुट्टीच्या दिवशी हातसुद्धा वर करणार नाही.

बसूअण्णा स्टँडवरच आला होता. गोल चेहरा, गोल पोट, बोलणं सगळं मोठ्या आवाजात. त्याची वडापची जीप होती, कोल्हापूर ते आसपासच्या गावांना माणसं भरून न्यायची. दोन दिवस त्यानं धंदा बंद ठेवून जीप आमच्या दावणीला बांधली होती. मला म्हणाला, "होनमाने मामा, पुढं बसा." मी म्हटलं, "मी मागंच बरा." त्यानं मल्लिनाथकडं बघितलं, मल्लिनाथनं मान हलवली, आणि मी मागं बसलो.

त्या दिवशी आम्ही कोल्हापूर पालथं घातलं. आधी मिसळ. कटाचा दुसरा वाडगा मागितल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बसूअण्णाला फार आनंद झाला. मग अंबाबाई. शेवंताचं कुंकू घेतलं. मग नवा राजवाडा. तिथं त्या काचेच्या कपाटांतल्या तलवारी, पेंढा भरलेले वाघ, चांदीच्या अंबाऱ्या बघायला ही गर्दी. एका दारात लोक तुंबून राहिले. मल्लिनाथला राहवलं नाही. हात वर करून ओरडला, "चला, पुढं सरका, आत जागा हाय! दारात उभं राहू नका!" आणि काय सांगू, माणसं सरकली की! एक साहेबासारखा दिसणारा गृहस्थ तर "सॉरी, सॉरी" म्हणत सरकला. मी किती दिवसांनी हसलो कोण जाणे. हसता हसता मला माझाच आवाज ओळखू येईना.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरलो. काठाला महादेवाचं एक छोटं देऊळ होतं. मल्लिनाथ शिवभक्त, गळ्यात लिंग, महादेव दिसला की थांबणारच. पायऱ्या चढून मी घंटा वाजवली, आत गेलो, हात जोडले. मागून घंटा वाजेल म्हणून वाट बघत होतो. वाजली नाही. वळून बघितलं तर मल्लिनाथ घंटेखाली उभा, हात वर गेलेला, तसाच.

"काय रे, पोहोचत नाही व्हय?"

"नको," तो म्हणाला. "देव झोपला असंल." आणि हात खाली घेऊन तसाच आत आला.

तिथून बसूअण्णानं आम्हाला दूध कट्ट्यावर नेलं. कोल्हापूरची ही तऱ्हा मला फार आवडली. म्हशी रस्त्याच्या कडेला आणून बांधतात, गवळी तुमच्या समोर धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात देतो. माणसं चहाच्या टपरीवर उभी राहावीत तशी दुधाला उभी. बसूअण्णा म्हणाला, "आमच्या आळीत जागाच नाही हो म्हैस पाळायला. बायको पिशवीचंच आणते. म्हणून मी रोज इथं येऊन पितो." ओठावर पांढऱ्या मिशा घेऊन आम्ही तिघं हसलो. हे म्हशीचं ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

रविवारी जेवणवेळेच्या आत पन्हाळ्यावर पोहोचलो. घाट चढताना मी डोळे मिटून घेतले होते. बसूअण्णा चांगला चालवत होता, पण प्रत्येक वळणाला मी सीटची दांडी घट्ट धरायचो.

गड मात्र बघण्यासारखा. तीन दरवाजाचं ते कोरीव काम, शिसं ओतून बसवलेले दगड. अंधारबावीत उतरलो, तर आत गारेगार काळोख, खाली विहीर आणि मधल्या मजल्याला गडाबाहेर बघणारी खिडकी. अंबारखान्यात गेलो. आख्ख्या फौजेला पुरेल एवढं धान्य मावेल अशी ती कोठारं, छपराला भोकं ठेवलेली, वरून धान्य ओतायला. मी म्हटलं, "एवढ्या शेंगा सोलायला मिळाल्या असत्या तर माझा जन्म गेला असता." मल्लिनाथ हसला नाही. तो पुढं पुढं चालला होता, पायऱ्या दोन दोन करून चढत होता.

"काय रे मल्ल्या," मी म्हटलं, "गुडघे दुखतात म्हणून खिडकीवर बसतोस आणि इथं हरणासारखा पळतोस?"

"हवा चांगली हाय हितली," तो म्हणाला.

शेवटी सज्जा कोठीवर आलो. कड्याच्या टोकाला बांधलेली इमारत, खाली सगळी दरी, रस्ते दोऱ्यासारखे पडलेले. बसूअण्णा भाकरी सांगायला टपरीकडं गेला होता. आम्ही दोघंच कठड्याला टेकून उभे. खालून एक बस घाट चढत होती. मी बघत होतो. कुठं गिअर टाकला, कुठं वेग घेतला, सगळं मला वरून कळत होतं. 

"दिगू," मल्लिनाथ म्हणाला. अपघाताचं तो कधी बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला. "तुला काय आठवतं रे त्यातलं? सारखं?"

"पाय," मी म्हटलं. "माझा पाय. मी तो उचलला नसता तर."

"नुसता पाय?"

"मग आणखी काय असणार?"

तो माझ्याकडं वळला. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "चल, भाकरी गार होईल."

पिठलं, भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. जेवण असं झालं की उठवेना. आम्ही झाडाखाली लवंडलो. उन्हं कलायला लागली तसा एक माणूस फटफटीवरून आला, बसूअण्णाच्या कानाला लागला आणि बसूअण्णा उभाच राहिला.

"घात झाला! म्हैस अडलीय. आडवं आलंय रेडकू. मला जायला लागतंय!"

"मग आपण सगळेच निघू," मी म्हटलं.

"जीपनं उशीर होईल हो मामा, मी हिच्यावरनं जातो!" आणि गडी फटफटीच्या मागं बसून गेलासुद्धा. जाता जाता किल्ली मल्लिनाथच्या हातात फेकली. धूळ खाली बसली. मी, मल्लिनाथ आणि जीप.

मी मल्लिनाथकडं बघितलं. त्यानं किल्ली माझ्यापुढं धरली.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. तूच चालव."

"मला सायकल सोडून काय येतं?"

"मग बसनं जाऊ. जीप राहू दे इथंच."

"शेवटची बस बघ ती." स्टँडवरून गच्च भरलेली बस निघाली होती, दारात माणसं लोंबकळत होती. रविवारची गर्दी. जागा न मिळालेली चार-पाच माणसं रस्त्यावर हात हलवत उभी. मी ती बस बघत होतो तोवर हा बाबा त्या माणसांकडं पोहोचलासुद्धा.

"कोल्हापूर! कोल्हापूर! चला, खाली जाणारे! एक-दोन जागा हायत, चला, पुढं सरका!"

 एक म्हातारा-म्हातारी, एक तान्हं लेकरू घेतलेली बाई, तिचा भाऊ, सगळे पिशव्या उचलून जीपकडं. मी धावलो. "मल्ल्या, अरे काय करतोस? मी नाही चालवणार! माणसं हायत रे ही!"

"मग सांग त्यांना," तो शांतपणे म्हणाला. "उतरा म्हणून सांग. तू ड्रायव्हर हायस, तुझं ऐकतील."

मी जीपच्या दारापाशी गेलो. सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तर ती म्हातारी, डोक्यावर पदर, मांडीवर जोतिबाच्या प्रसादाचं गाठोडं, मला म्हणाली, "लेकरा, सावकाश ने बरं का. मला गाडी लागते." आणि पदराखालून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातात दिली. आता त्या बाईला उतरा कसं म्हणायचं? सांगा मला.

मी गोळी तोंडात टाकली आणि पुढं बसलो. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. क्लच दाबला आणि झालंच ते सुरू. पाय थडथड उडायला लागला.  आरशात बघितलं, तर तान्हं पोर आईच्या खांद्यावरून माझ्याकडंच बघत होतं. मल्लिनाथ सगळ्यात मागं, पायरीवर, दांडीला धरून उभा, त्याच्या नेहमीच्या जागी.  इंजिन नुसतं घुरघुरत होतं.

मी पाय उचलायचा प्रयत्न केला. उचलेना. आणि मग मला कळलं की मी कशाची तरी वाट बघतोय. इतकी वर्षं ज्याची वाट बघून पाय उचलला, त्याचीच.

"मल्ल्या," मी म्हटलं. "बेल दे."

मागून काही आवाज नाही.

"बेल दे की रे!"

तरी नाही. आरशात त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता दांडीवरचा हात दिसत होता. मला राग आला. म्हटलं, हा माझी मजा बघतोय, मला आणखी मागायला लावतोय. म्हातारा वळून त्याला म्हणाला, "अहो, ते काय मागतायत ते द्या की." तरी तो हात हलेना. शेवटी मी ओरडलो, गळा फाटेस्तोवर ओरडलो, "मल्लिनाथ! तू बेल दिल्याशिवाय मी कधी गाडी काढली होय रे? दे बेल!"

आणि मग बोटातल्या अंगठीनं जीपच्या पत्र्यावर, टण्. टण्.

पाय उचलला. मी उचलला नाही, उचलला गेला. जीप सरकली.

पहिल्या वळणाला मी रडत होतो हे मला लिमलेटची गोळी खारट लागली तेव्हा कळलं. दुसऱ्या वळणाला एक फटफटीवाला आतून घुसला, मी ब्रेक मारला, हॉर्न मारला, त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि म्हातारी मागून म्हणाली, "अजून एक द्या मेल्याला." तिसऱ्या वळणानंतर मागून एकच टण् झाली. थांबलो. म्हातारीला खरंच गाडी लागली होती. मल्लिनाथनं तिला उतरवलं, पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, बसवलं, दार लावलं. टण् टण्. निघालो. त्या क्षणी आम्ही त्या वडापच्या जीपमध्ये नव्हतोच. आम्ही आमच्या गाडीवर होतो.

कोल्हापुरात उतरताना म्हातारीनं माझ्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा वाजली. "लई दिष्ट लागली होती बाबा तुला," म्हणाली. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

सोमवारी सकाळी मी डेपोत गेलो तो शेडकडं नाही, गाडीकडं. पायरीवर मल्लिनाथ उभा, काखेत कातडी बॅग, हातात तिकिटांचा ट्रे.

"खिडकी सोडलीस?"

"बरे झाले गुडघे. पन्हाळ्याची हवा."

त्यानंतर आम्ही दोघं एकाच महिन्यात रिटायर होईपर्यंत त्या गाडीवर होतो. त्यानं माझ्यासाठी काय केलं ते मी कधी विसरलो नाही. दर दिवाळीला त्याच्याकडं पहिला फराळ आमच्या घरून जातो. मुलांना सांगून ठेवलंय, या माणसामुळं तुमचं शिक्षण झालं. सांगताना नेहमी असंच सांगत आलो, की मल्लिनाथनं युक्ती केली आणि मला सावरलं.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो. तो कोथिंबीर आणायला कोपऱ्यावर गेला होता. गिरिजावहिनींनी चहा ठेवला. बोलता बोलता बसूअण्णाचा विषय निघाला आणि मी हसत म्हटलं, "त्या माणसानं नसलेली म्हैस अडवून माझं भलं केलं बघा. तुमच्या यांचं डोकं."

वहिनी चहा गाळता गाळता थांबल्या.

"भलं तुमचं एकट्याचंच नाही हो भावजी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला यांनी कधी सांगितलं नाही का?"

"काय?"

"त्या अपघातानंतर यांना हातात दोरी धरवेना. झोपेत बडबडायचे, मी बेल दिली, मी बेल दिली. खाली वाकून बघितलं असतं तर दिसला असता म्हणायचे. गुडघे कसले, गुडघ्यांना काही झालं नव्हतं. देवघरातली घंटासुद्धा वाजवायचे नाहीत. पन्हाळ्याला निघाले तेव्हा म्हणाले, दिगूला घेऊन जातो, तो तरी सुटू दे. स्वतःची आशाच सोडली होती." त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. "आणि परत आले ते दारातच बसले हो रडत. पुरुषमाणूस, असं हमसून हमसून. मी घाबरले. तर म्हणतात, गिरिजा, दिगूनं बेल मागितली गं. माझ्याकडनंच मागितली. माझ्याशिवाय गाडी काढत नाही म्हणाला."

मी कप उचलला, तो परत ठेवला. रंकाळ्याच्या देवळात घंटेखाली वर गेलेला तो हात मला दिसला. कोल्हापूरच्या गाडीतली दोरी दिसली. सज्जा कोठीवर तो विचारत होता, "नुसता पाय?" आणि इतक्या वर्षांत एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की त्या दिवशी मंडईच्या थांब्यावर आम्ही दोघं होतो. त्यानं कधी ते माझ्या अंगावर टाकलं नाही. माझं दुःख हलकं करताना स्वतःचं दाखवलंसुद्धा नाही. असा मित्र ज्याला मिळतो त्यानं देवाकडं आणखी काय मागायचं असतं?

फाटक वाजलं. मल्लिनाथ कोथिंबिरीची जुडी हलवत आला.

"कवा आलास रे? आणि असा का बसलायस, तोंड पाडून?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण साठीपारच्या मैत्रीत तसलं बोलायची सवय नसते. मी म्हटलं, "बसूअण्णाची म्हैस व्यायली का रे शेवटी?"

त्यानं गिरिजावहिनींकडं बघितलं. मग हसायला लागला. "व्यायली की. जुळं झालं."

निघताना तो फाटकापर्यंत आला. मी स्कूटर सुरू केली आणि तशीच उभी ठेवली.

"जा की," तो म्हणाला. "काय झालं?"

"कंडक्टर कुठं झोपलाय?" मी म्हटलं. "बेल दे."

त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. त्यानं फाटकाची कडी हातात धरली, आधी वाकून माझ्या मागच्या चाकाकडं नीट बघितलं, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि दोनदा वाजवली.

मी निघालो.